निर्मलामावशींचं खोटं

निर्मलामावशी दुसऱ्याच्या घरी जाताना कधी दार वाजवत नसत. सरळ स्वयंपाकघरात शिरत, गंजावरचं झाकण उचलून भाजी कसली ते बघत आणि मग विचारत, "घरी कोणी आहे का वं?"

अशाच त्या एका उन्हाळ्यात आमच्याकडे शिरल्या. बाबा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले आणि नळाला थेंब नाही. आमचं घर गल्लीच्या अगदी शेवटी. अलीकडच्या सगळ्या घरांनी नळाला मोटर लावलेली, पाणी तिकडेच ओढलं जाई. नागपूरचा मे महिना, आणि मी बाबांना कित्येक दिवस नुसतं ओल्या फडक्यानं पुसत होते. घामोळ्यांनी त्यांची पाठ सोलवटली होती. मावशींनी ती पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

मी गल्लीभर हात जोडून आले होते. सगळ्यांचं एकच, "बाकीचे बंद करतील तर आम्हीपण करू." आता यात पहिलं कोण होणार, कपाळ!

"लोकं वाईट नाही वं पोरी," मावशी म्हणाल्या. "एकटं पडाले भेतेत."

त्यांनी आधी स्वतःची मोटर काढली आणि संध्याकाळी घरोघर फिरल्या. कापडदुकानवाल्या देवरावजींना म्हणाल्या, "मास्तरनं काढली, भाऊजी. तुम्हीच राह्यले." मास्तरांकडे जाऊन म्हणाल्या, "देवरावजीनं काढली. तुम्ही काहून मागं?" प्रत्येक घरी हेच. धादांत खोटं, तेही त्यांच्याच घरचा चहा पीत!

सकाळी नळ आले तेव्हा गल्लीत एकही मोटर घरघरली नाही. पण देवरावजी आणि मास्तर बोलायला लागले आणि बिंग फुटलं. देवरावजी तणतणत मावशींच्या ओट्याशी आले.

"आमाले येडं समजलं का? आत्ता लावतो मोटर!"

"लावा नं," मावशी म्हणाल्या. "खोटं बोलली मी. पण आता साऱ्यांच्या बंद आहे, हे तं खरं आहे नं? तुमची एकट्याचीच वाजन."

बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. माझा जीव टांगणीला. देवरावजी काहीतरी पुटपुटले आणि घरात गेले. मोटर काही लागली नाही.

मावशी मागच्या वर्षी गेल्या. गल्लीत अजून त्यांना लबाड म्हणतात. म्हणोत बापडे. त्या सकाळी आमच्या नळाला धार आली, बारीक, पण आली. मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि डोक्यावरून तांब्या ओतला. त्यांनी डोळे मिटून घेतले. वाकड्या झालेल्या तोंडानं, महत्प्रयासानं म्हणाले, "अजून एक."