जी जाळी लवकर शिकतात

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझं काम संगणकावरचं. जंतूंतली दोन-तीन जनुकं एकमेकांना चालू-बंद करतात, त्यांचं लहानसं जाळं बनतं. त्यातला एखादा दुवा बदलायचा आणि जुनं काम न विसरता ते नवं काम किती सहज शिकतं, हे मोजायचं. मोडतोड सोसून टिकणारी जाळीच लवकर शिकतात, असं दिसलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

आईला लघवीचा संसर्ग झाला म्हणून मी आमच्या गावी, बालाघाटला गेले. एका खासगी दवाखान्यात तिला भरती केलं होतं. पहिल्या औषधाने ताप उतरला. बाबांनी घरून खिचडी आणली, तिने चार घास खाल्लेही. मग ताप परत आला, आणि दुसरं औषध लागूच पडेना. तपासणीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "एक ही दवा बची है. वो भी पूरी असर नहीं करेगी."

बाबा कोर्टातून निवृत्त झालेले. कोणतीही गोष्ट नीट विचारून घ्यायची त्यांची सवय. व्हरांड्यात ते म्हणाले, "तुह्यं तं हेच काम आहे ना? मंग औषध काहून लागून नाही राह्यलं?"

"जंतू शिकले, बाबा. औषध आत गेलं का बाहेर फेकतेत."

"एवढ्या लवकर?"

"हौ."

"मंग त्याईले थांबवता येत नाही?"

"आमी फक्त मोजतो."

 बाबा पाण्याची बाटली भरून आणायला खाली गेले. मला ते पेढे आठवले.

आई म्हणत होती, "मले घरी ने." पण आम्ही तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो. वारासिवनी मागे पडलं तोवर ती माझा हात धरून होती. तुमसरच्या अलीकडे तिचा श्वास थांबला. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि हळूच विचारलं, "दीदी, आगे चलूँ कि वापस?"

 पुढच्या सीटवरून, मागे न वळता, बाबा म्हणाले, "वापस."

तेरावं झाल्यावर मी पुण्याला परतले. काम तेच आहे. मला दुसरं काही येत नाही. बाबा फोनवर कधीकधी विचारतात, "आज शिकलं का एखादं जाळं?" मी खरं ते सांगते; शिकलं असेल तर हो म्हणते. ते म्हणतात, "बरं. जेवून घे."