ठेवलेलं पील

आबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते समुद्र पाहायला नव्हे, मुलाला एक प्रश्न विचारायला. प्रश्न चार शब्दांचा होता. तू परत येणार का? फोनवर तो आठ वर्षं विचारून झाला होता आणि आठ वर्षं "बघू आबा" एवढंच उत्तर आलं होतं. म्हणून या वर्षी आबांनी ठरवलं की समोर बसून विचारायचं, आणि तेही आखाजीच्या आत.

आमच्याकडे शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. त्या दिवशी सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, ठरतो. आबा त्याला घरी जेवायला बसवतात, कपाळाला कुंकू लावतात आणि हातात नारळ ठेवतात. नारळ दिला की पुढचं साल पक्कं. यंदा आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा येणार असेल तर नारळ देईन, नाहीतर असोद्याची सात एकर केळी चुलत्याच्या मुलाला कसायला देऊन टाकीन.

या हिशेबात मी कुठेच नव्हते. माझं सासर जळगावात, नवरा भुसावळला रेल्वेत. आबांचा गुडघा गेला तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, मी रोज सकाळी स्कूटर काढून असोद्याला जाते. ठिबकच्या नळ्या, खतं, घडांच्या पिशव्या, व्यापाऱ्याशी भांडण, सगळं मीच बघते. पण गावात कुणी विचारलं की आबा म्हणत, "पोरगी येऊनजाऊन असते." जशी काही मी लोणचं न्यायलाच येते! मला सातबाऱ्यावर नाव नको होतं. ही बाग तू कर, एवढं आबांनी तोंडाने म्हणावं, इतकंच मला हवं होतं. आणि तेवढं मागायला माझी जीभ रेटत नव्हती. प्रवासात मला सोबत घेतलं होतं ते फॉर्म भरायला आणि गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर द्यायला.

सायप्रस हे भूमध्य समुद्रातलं बेट. धाकटा भाऊ तिथे कॉम्प्युटरचं काम करतो आणि पाफोस गावाच्या वरच्या डोंगरात एका खेड्यात राहतो. दगडी घरं, दारात द्राक्षाचे मांडव, पारावर बसावं तसे खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, एवढ्या एका गोष्टीवर आबांचा त्या देशाबद्दल विश्वास बसला.

भावजयीकडे यादी होती. आठ दिवस, आठ सहली. पहिल्या दिवशी लेस विणणाऱ्या बायकांचं गाव, दुसऱ्या दिवशी डोंगरातला मठ, तिसऱ्या दिवशी जमिनीवर रंगीत खड्यांची चित्रं असलेलं जुनं शहर. बिचारीने मनापासून केलं होतं सगळं. पण आमची तऱ्हा अशी की कुठेही पोचलो की दहा मिनिटांत आबा "चला" म्हणत. मठात चला, किल्ल्यात चला, समुद्रावर तर बूटसुद्धा न काढता चला. लेस विणणाऱ्या एका आजीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, तिच्यावरही ते अर्धेच टेकले. त्यांना बोलायचं होतं आणि त्यासाठी भाऊ एका जागी बसायला हवा होता. भाऊ तर ते पक्कं ओळखून होता. जेवण झालं की लगेच म्हणायचा, "इथून वीस मिनिटांवर एक धबधबा आहे." एक प्रश्न विचारायला पळतोय आणि दुसरा तो टाळायला, आणि मध्ये आम्ही दोघी मागच्या सीटवर वळणावळणाने ओकारी आवरत बसलेल्या.

मी तरी कुठे स्थिर होते? एप्रिल संपत आलेला, जळगावला ऊन भाजून काढत होतं आणि केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर घड काळे पडतात. आपल्याकडे साडेबाराला शेतीची वीज येते तेव्हा तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. पाण्याच्या मोटारीला मोबाईलवरून चालू करायचा स्टार्टर बसवलाय. त्यामुळे रोज दहाला मी जिथे असेन तिथे, मठात किंवा धबधब्यावर, फोन काढून उभी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या रंगीत चित्रांवर वाकून सगळे पाहुणे वाहवा करत होते आणि मी रेंज शोधत खांबामागे फिरत होते.

मोटार सुरू झाली की सालदाराला फोन. तो धुळ्याकडचा, पिंपळनेरचा. त्याचं उत्तर ठरलेलं, "अक्का, बठ्ठं बेस शे," म्हणजे सगळं छान आहे. मग मी खोदून विचारलं की बठ्ठं बेस नसायचं. कुठे नळी उंदराने कुरतडलेली, कुठे वाऱ्याने चार झाडं लोळलेली. आबा माझ्याकडे बघत आणि विचारत, "कोनाचा फोन?" मी म्हणे, "शेतातला." ते मान हलवत आणि भावाकडे वळून सांगत, "सालदार लई भरवशाचा हाये आपला." मला असा राग यायचा की ते दोन हजार वर्षांपूर्वीचे खडे उचलून कुठेतरी मारावेत.

पाचव्या दिवशी आम्ही पाफोसच्या खालच्या अंगाला किनाऱ्याने चाललो होतो. यादीप्रमाणे त्या दिवशी समुद्रातल्या गुहा होत्या. भाऊ काहीतरी सांगत होता, आणि मध्येच आबा ओरडले, "थांब! थांब! केयी!"

खरंच केळीची बाग होती. लाल माती, पलीकडे निळा समुद्र आणि मध्ये केळी. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, आपल्यापेक्षा बुटकी झाडं. पाच दिवसांत पहिल्यांदा, नव्हे आईला जाऊन चार वर्षं झाली त्यानंतर पहिल्यांदा, मी आबांच्या चेहऱ्यावर तसा आनंद पाहिला. गाडी पुरती थांबायच्या आत ते उतरले. गुडघा कुठे गेला कोण जाणे. कुंपणाला एक फट होती, तिच्यातून आत.

"आबा, दुसऱ्याची आहे!" भाऊ म्हणाला.

"मंग काय झालं? केयीच हाये ना?"

मी त्यांच्यामागे गेले. आबा एकेका झाडाच्या बुंध्याला हात लावत, घडाच्या फण्या मोजत पुढे चालले होते. मग ते थबकले. "हे पाय. कसा शेतकरी हाये हा? पिलं तशीच ठेवली."

केळीच्या बुंध्यातून बाजूला कोंब फुटतात, त्यांना आम्ही पिलं म्हणतो. ती मोठ्या झाडाचं खातात म्हणून आमच्याकडे वेळच्या वेळी कापून टाकतात. आबांच्या लेखी न कापलेलं पील म्हणजे घरात शिरलेला चोर. मी मात्र गेली दोन वर्षं त्यांच्याशी हुज्जत घालून दोन एकरात पिलबाग धरली होती. म्हणजे झाडाला घड आला की बाकीची पिलं काढायची आणि एक चांगलं, अरुंद पानांचं निवडून ठेवायचं. घड कापला की पुढच्या वर्षी तेच झाड होतं. नवी लागवड करावी लागत नाही.

मी खाली वाकून पाहिलं. प्रत्येक झाडाला एकच पील होतं, गुडघाभर उंचीचं, आणि सगळी समुद्राच्या बाजूला. पूर्ण ओळभर.

"आबा, ती ठेवलेली आहेत," मी म्हटलं.

तोवर आबांना बांधावर पडलेला विळ्यासारखा कोयता सापडला होता. "कोनी सांगितलं तुले? साल्याले पिलं कापाले येय मियाला नसंन. आपन करून देऊ, काय बिघडतं?"

"आबा, नका कापू. ओळ बघा जरा."

त्यांनी ओळ पाहिली नाही. एक पील कापलं, दुसरं कापलं. हात काय सफाईने चालत होता! शेजाऱ्याच्या बागेतून जाता जाता दोन पिलं कापून देणं ही आमच्या गावात मदत समजतात. तिसरं पडलं आणि पलीकडून एक म्हातारा बोंब मारत धावत आला. आबांच्याच वयाचा, डोक्यावर टोपी, पायात गमबूट. त्याने आबांच्या हातातला कोयता हिसकावला आणि जमिनीवरचं पील उचलून आमच्या तोंडासमोर धरलं. भाषा कळत नव्हती तरी शिव्या कळत होत्या. भाऊ धापा टाकत आला आणि इंग्रजीत माफी मागू लागला. म्हाताऱ्यालाही इंग्रजी येत होतं. त्याने आम्हाला ओळीने चालवत नेलं आणि एकेक पील बोटाने दाखवलं. हे पुढच्या वर्षाचं. हे पुढच्या वर्षाचं. हेही पुढच्या वर्षाचं. मग कापलेल्या तीन जागा दाखवल्या.

भाषांतर करायची गरज नव्हती. आबांचा चेहरा उतरला. पन्नास वर्षं केळी केलेला माणूस दुसऱ्याच्या बागेचं पुढचं वर्ष कापून उभा होता. त्यांनी हात जोडले. मला त्यांची इतकी दया आली की सहा वर्षांचा राग क्षणभर विसरायला झालं.

म्हाताऱ्याचा पारा जरा उतरला. आबांचे हात पाहून त्याला कळलं असावं. त्याने विचारलं, "तुमची पण केळी आहे?" भावाने हो म्हणून सांगितलं. "मग तुमच्याकडे बाग कोण बघतं?"

भावाने तो प्रश्न मराठीत केला. आबांनी क्षणाचाही विचार केला नाही. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा. माझा पोरगा."

भावाने खांद्यावरचा हात हळूच खाली घेतला. मग तो इंग्रजीत म्हणाला, "माझी बहीण बघते. मी नाही."

म्हातारा माझ्याकडे वळला, माझे हात पाहिले आणि मातीने भरलेला आपला हात पुढे केला. मी तो हातात घेतला. आबा गोंधळून आम्हा दोघांकडे बघत राहिले. "काय सांगितलं तू त्याले?"

"खरं ते सांगितलं, आबा," भाऊ म्हणाला. "बाग ताई बघते. आणि मी परत येणार नाही. मला हे आधीच सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

असं ते चार शब्दांच्या प्रश्नाचं उत्तर, प्रश्न न विचारताच, परक्याच्या केळीत उभं राहून मिळालं. म्हाताऱ्याने फाटक उघडून आम्हाला रस्त्याने बाहेर काढलं आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत कोयता हातात धरून उभा राहिला. आमच्यावर भरवसा नव्हता त्याचा, आणि का असावा?

त्या दिवशी गुहा राहून गेल्या. अर्ध्या वाटेवर आबा मागे न वळताच म्हणाले, "तुले कसं समजलं, ती ठेवेल व्हती म्हनून?"

मी इतके दिवस दाबलेलं सगळं त्या एका वाक्यावर फुटलं. "कसं समजलं? सहा वर्षं कोण बघतंय पिलं? दोन वर्षं कोण ठेवतंय? कोण काढतंय? मोटार कोण चालू करतं रोज दहा वाजता, सालदार? काखेत कळसा आणि गावाला वळसा, आबा! तुम्ही तर समुद्राला वळसा घातला! मी येऊनजाऊन असते म्हणे! मला हवीय ती बाग. मी करते ती, मलाच करायचीय. झालं, बोलले!"

भावजयीने माझा हात घट्ट धरला होता. आबा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी हळू चालव रे." हे भावाला. मला काही नाही. उरलेले तीन दिवस आम्ही यादीतली ठिकाणं पाहिली. आबा एकदाही "चला" म्हणाले नाहीत, आणि त्यानेच माझा जीव जास्त टांगणीला लागला.

घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी आखाजी. माहेरवाशीण म्हणून मला चूल बघायची नव्हती, पण आई नसल्यापासून बघतेच. आमरस झाला, मांडे झाले. सालदार जेवून उठला. चुलत्याचा मुलगाही नवा शर्ट घालून ओसरीवर येऊन बसला होता, काहीतरी ठरणार म्हणून. मी आतून ताटं उचलत होते, पण कान सगळे बाहेर. आबांनी देवासमोरचा नारळ उचलला. त्यांची पावलं ऐकू आली, ओसरीकडे नाही, स्वयंपाकघराकडे. दारात उभं राहून त्यांनी तो माझ्या खरकट्या हातात दिला.

"जाय. साल तू ठरव. मले पिलं ओयखू येत नही आता."

मी बाहेर आले. चुलत्याचा मुलगा उठून चपला शोधू लागला. सालदार समोर उभा राहिला, आणि मला काही केल्या हात पुढे करता येईना. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात होतं आणि डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. आबा मागे भिंतीला टेकून उभे होते.

शेवटी सालदारच हळूच म्हणाला, "अक्का, हाऊ नारळ माले शे, का परत देवले?"