स्टँडसमोरची चेनवाली मावशी

“उरकायचंय का बघायचंय?”

जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर बसणारी चेनवाली मावशी रस्ता विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी हे विचारायची. त्याच्याही आधी शिलाईच्या हातमशीनच्या चाकावर तळवा ठेवून मशीन थांबवायची. मशीन चालू ठेवून तिने कुणाला रस्ता सांगितल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही कधी त्या स्टँडवर उतरला असाल, तर तिला पाहिलंही असेल. गेटच्या उजव्या हाताला, रसवंतीच्या भिंतीला लागून बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखाली गोणपाट टाकून ती बसायची. बॅगांच्या तुटलेल्या चेनी, दप्तरांचे पट्टे, छत्र्यांची उसवलेली कापडं, हे तिचं काम. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारे एक गृहस्थ असतात. मावशीच्या डोळ्यांना सुई दिसेनाशी झाली, तेव्हा तिची लेक येऊन तिला मंचरला घेऊन गेली.

गाडीची वेळ चौकशीच्या खिडकीवर कळायची. पण गाडी उतरवते तिथून पुढे किती चालायचं, सावली कुठे मिळेल, पाणी कुठून भरून घ्यायचं, हे मावशीकडे कळायचं. ट्रेकिंगवाले बॅगेची चेन दुरुस्त करायला थांबायचे आणि जाताना सगळा दिवस ठरवून जायचे.

ती जमिनीवर बसायची, त्यामुळे माणसाच्या आधी तिला त्याचे पाय दिसायचे. ती चप्पल बघून रस्ता सांगायची. एकदा उंच टाचांच्या सँडल घातलेल्या दोघी शिवनेरीचं विचारायला आल्या. मावशीने एकदा पायांकडे बघितलं, एकदा किल्ल्याकडे, आणि समोरच्या दुकानात साध्या चपला मिळतात एवढंच सांगितलं. त्या हसत हसत गेल्या. दुपारी परत आल्या, तेव्हा सँडल हातात होत्या.

लेण्याद्रीला जाणाऱ्यांना तिचा पहिला सल्ला माकडांबद्दल असायचा. हातात पिशवी दिसू द्यायची नाही, खायचं सगळं बॅगेत आणि बॅगेची चेन बंद. “चेन खराब असंल तर हितंच सांगा, वर माकड सांगंल,” असं ती म्हणायची. त्यात तिचा धंदाही व्हायचा, पण ते खोटं नव्हतं. पायऱ्या मोजू नका, मोजल्या की जास्त वाटतात, हेही तिचंच. नाणेघाटाकडे जाणाऱ्यांना ती जाताना उजव्या खिडकीला बसवायची, म्हणजे ऊन लागत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेना बघायला निघालेल्यांना सांगायची, की आत कधी सोडतात ते आधी विचारून जा आणि तिथे मोबाइल बंद ठेवा. “त्या आभाळाचं ऐकत बसल्यात. आपण मधी बडबड करू नये.”

आणि कुणी घाईघाईने एका दिवसात पाच ठिकाणं म्हणालं, की तिचा तो प्रश्न पुन्हा यायचा. उरकायचं असेल त्यालाही ती नीट सांगायची, राग धरायची नाही. बघायचं असेल त्याला मात्र पाचातली तीन ठिकाणं गाळायला लावायची.

मी हे सगळं ऐकलं, कारण तीन वर्षं मी तिथे रोज बसत होते. आमचं गाव पश्चिमेला, घाटाच्या अलीकडे. भात, नाचणी आणि हिरड्याची झाडं. जुन्नरच्या कॉलेजात मी बी.ए. करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. शेवटचा तास साडेतीनला सुटायचा आणि गावाची गाडी साडेपाचला निघायची. ते दोन तास कुठे घालवावेत, हे मला पहिले काही दिवस समजतच नव्हतं. स्टँडवर एकटी बसायला संकोच वाटायचा. मावशीनेच एकदा हाक मारून गोणपाटावर जागा करून दिली.

तिसऱ्या वर्षी भूगोलाच्या सरांनी मला एम.ए.साठी पुण्याला जायला सुचवलं. घरी सांगितलं, तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत. ते नाही म्हणाले असते, तर मला भांडता तरी आलं असतं. मावशीला सांगितलं, तर तिने त्या दिवसापासून पाहुण्यांना उत्तर द्यायला मला लावलं. मी अडखळायचे, खाली बघून बोलायचे. ती सुई ओवत ऐकत राहायची आणि पाहुणे गेल्यावर काय राहिलं ते सांगायची.

एके दिवशी सुट्टी होती, पण मी लायब्ररीसाठी आले होते. मावशी डोळे दाखवायला दवाखान्यात गेली होती आणि तासभर मशीनजवळ मला बसवलं होतं. बारा-साडेबाराला एक बाई आल्या. साठीच्या असाव्यात, पाठीवर बॅग, केस बारीक कापलेले, एकट्याच. पुण्याहून आल्या होत्या. आमच्या गावापुढचा घाटमाथा बघून संध्याकाळी परत जायचं होतं. मी जमेल तसं सगळं सांगितलं. उजवी खिडकी सांगितली, पाणी सांगितलं, पायातले बूट चांगले आहेत असंही सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, संध्याकाळी वर गाडी आहे ना? मी म्हटलं, आहे, साडेपाचला इथून सुटते, सातच्या आत वर पोचते. त्या धन्यवाद म्हणाल्या. मला कुणी धन्यवाद म्हणण्याची सवय नव्हती. मी कितीतरी वेळ खूश होते.

संध्याकाळी त्याच गाडीने मी घरी गेले. गावात गाडी थांबली, तर थांब्यावर त्या बाई बॅग पाठीला लावून उभ्या होत्या. गाडी वळायची वाट बघत होत्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टरने मागच्या सीटखालून वळकटी काढली. तेव्हा मला माझी चूक कळली.

ती गाडी मुक्कामी असते. संध्याकाळी येते, रात्रभर देवळापुढे थांबते आणि सकाळी सहाला परत निघते. आमच्या गावात हे कुणी कुणाला सांगत नाही. संध्याकाळची गाडी म्हणजे घरी येण्याची गाडी. तिच्यातून कुणाला परत जायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंना मी हात जोडूनच सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, मुलगी वाट बघत असेल, फोन कुठून लागेल? शाळेच्या मागच्या चढावर एका दगडापाशी रेंज येते, तिथे मी त्यांना नेलं. फोन झाला. त्या आमच्या घरी राहिल्या, आईच्या हातची नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवल्या आणि सकाळच्या गाडीने गेल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट बरं झालं म्हणाल्या.

पण गाडी गेल्यावर दादा आईला म्हणाले, “हितल्या गाडीचं धड सांगता येईना, अन् ही पुण्यात जाती.” ते माझ्याकडे बघूनही म्हणाले नाहीत. त्यामुळे ते जास्त खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला सांगितलं की मी फॉर्म भरणार नाही. मला वाटलं ती समजूत घालेल. तिने आधी त्या बाईंचं विचारलं. जेवल्या का, फोन झाला का, सकाळी खिडकीची जागा मिळाली का. मग बराच वेळ एका दप्तराचा पट्टा टाचत राहिली.

“मीबी चुकले व्हते,” ती म्हणाली. “हितं बसाया लागले त्याच वर्सी. एक नवरा-बायको, दोन लेकरं. डिंभ्याचं धरण बघायचं म्हणले. मी सांगितलं, मोठ्या पिंपळाच्या पाराशी उतरा, तिथून जवळ हाय. कंडक्टर हसाया लागला. तो पार धरणाच्या पाण्यात जाऊन लई वर्सं झाली व्हती. आमचं घर त्या पाराला लागूनच व्हतं.” तिने दाताने दोरा तोडला. “जे आपल्याला लई ठावं असतं ना पोरी, तेच सांगायचं राहतं. तुला काय येत न्हाई म्हणून न्हाई चुकली तू.”

तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात होतं, एवढंच मला तोपर्यंत माहीत होतं. धरणाकडे जाणाऱ्यांना ती कायम उन्हाळ्यात जा म्हणायची. पाणी उतरलं की जुन्या भिंती उघड्या पडतात, देवळाचे दगड दिसतात, असं सांगायची. मला वाटायचं, ती पर्यटनाची माहिती आहे.

त्या आठवड्यात तिने मला एक काम सांगितलं. पुण्याला रविवार पेठेतून चेनचे दोन रोल आणि बॉबिन आणायच्या. दर वेळी ती स्वतः जायची, या वेळी डोळ्यांचं कारण होतं. पहिल्या गाडीने जायचं, साडेपाचच्या आत परत. आईला सांगून मी गेले. दादांना सांगायचं धाडस झालं नाही.

निघताना तिने जे सांगितलं, ते मी आजही वापरते, म्हणून इथे लिहिते. गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर पळायचं नाही, आधी जुन्नरची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघून ठेवायचं. विचारायचं तर दुकानात बसलेल्या माणसाला, चालणारा माणूस अर्धंच सांगतो. ‘हा रस्ता मंडईला जातो का’ असं विचारायचं नाही, कारण माणसं घाईत हो म्हणतात. ‘मंडई कुठं’ असं विचारायचं. पुढच्या चौकात तेच पुन्हा दुसऱ्याला. फोनवरचा नकाशा बघायचा, पण भिंतीला टेकून उभं राहून. पाणी प्यायचं. “बायका बाथरूमचं कुणाला इचारायचं म्हणून दिसभर पाणी पीत न्हाईत, अन् मंग म्हणत्यात शहर बाधलं. सरळ इचारायचं. लाज कसली.” आणि काम उरकलं तरी एक गोष्ट बघून यायची आणि तिला सांगायची.

मंचर, राजगुरुनगर, चाकण. मी प्रत्येक स्टँडची पाटी वाचली. पुण्यात वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उतरले, फलाट बघून ठेवला, मनपाची, म्हणजे महापालिकेपाशी जाणारी, बस विचारून घेतली. पूल ओलांडून पेठेत चालत गेले, दोनदा चुकले, दोनदा परत विचारलं. रोल मिळाले. बॉबिन तिसऱ्या दुकानात मिळाल्या.

परत येताना मनपाच्या थांब्यापाशी पिशवी घेतलेले एक आजोबा माझ्याजवळ आले. त्यांनी मला वाकडेवाडीची बस विचारली. मला! मी आजूबाजूला बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारत असतील म्हणून. मग सांगितलं, की मीही तिकडेच निघाले आहे, इथे नाही, पलीकडच्या बाजूला उभं राहायचं, आणि कंडक्टरला एसटी स्टँड म्हणून सांगायचं. ते निघाले, तरी मला राहवेना. मी त्यांना थांबवून विचारलं, पुढे कुठे जायचंय आणि तिथली गाडी मुक्कामाला तर जात नाही ना. ते माझ्याकडे बघत राहिले. “कळंबला जायचंय गं बाय. रस्त्यावरचं गाव, गाड्याच गाड्या.”

संध्याकाळी मावशीने रोल बाजूला ठेवले आणि काय बघितलं विचारलं. मला शनिवारवाडा सांगता आला असता, पण मी तो बाहेरूनच बघितला होता. मी पुलावर थांबले होते, नदी बघितली होती, तेही सांगितलं नाही. मी सांगितलं की मला वाटायचं, शहरात सगळ्यांना रस्ते माहीत असतात. पण थांब्यावरची निम्मी माणसं एकमेकांना विचारत होती.

मावशी हसली. “झालं मंग. भर फॉर्म.”

घरी गेल्यावर दादांना मी स्वतःच सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी गाडी कितीला पोचली ते विचारलं आणि जेवत राहिले. पुढे फॉर्मवर सही करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी सही केली, पण होकार म्हणून एक शब्द बोलले नाहीत. ते सही आईच्या सांगण्यावरून करतायत की मनातून, हे मला कळत नव्हतं. आणि तसं न कळता जायचं, हे मला जड जात होतं.

जायच्या दिवशी ते मला सोडायला स्टँडवर आले. दादा पुण्याला एकदाच गेले होते, गावातल्या लग्नाच्या टेम्पोत, सगळ्यांबरोबर. माझी बॅग त्यांनी गाडीत ठेवली, खाली उतरले आणि काय करावं न सुचून इकडेतिकडे बघत उभे राहिले. मी मावशीच्या पाया पडायला गेले, तर ते माझ्या मागोमाग आले. मी बाजूला झाले, तसे ते ताडपत्रीखाली वाकले आणि गोणपाटाच्या कडेला उकिडवे बसले.

“ताई,” ते हळू आवाजात म्हणाले, “कधी हिच्याकडं जायाचं झालं, तर कुठं उतरायचं?”

मावशीने सांगायला सुरुवात केली. कंडक्टरने बेल मारली म्हणून मी पळत जाऊन गाडीत चढले. खिडकीतून बघितलं, तर दादांनी डावा हात पुढे धरला होता आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत ते एकेक ठिकाण पाठ करत होते. तिसऱ्या पेरावर अडले, मान हलवली, आणि मावशी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. गाडी गेटमधून बाहेर पडली. दोघांपैकी कुणीही वर बघितलं नाही.