गुडघ्यातली गाठ

वर्गात शिकवता शिकवता फळ्याकडून खिडकीकडे जाताना माझा उजवा गुडघा अडकला. वाकेना, सरळही होईना. मी बाकाला धरून उभी राहिले. थोड्या वेळाने आत काहीतरी सरकलं आणि पाय सुटला.

डोंबिवलीच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज उतरेना, तेव्हा कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. ते पिवळसर असेल असं मी धरून चालले होते. सिरिंजमध्ये गंजासारखं तपकिरी पाणी चढत गेलं. "एमआरआय करून घ्या," एवढंच डॉक्टर म्हणाले.

एमआरआयमध्ये सांध्याच्या आत गाठ निघाली. ठाण्याच्या सर्जननी फिल्म उजेडात धरली. "सांध्याच्या अस्तरातून वाढलीय. क्वचित होते अशी. बहुतेक साधी आहे, कॅन्सरची नाही. पण काढून तपासल्याशिवाय खात्री देणार नाही."

त्या 'बहुतेक'ने माझी झोप उडवली. ठाण्यातच टेंभी नाक्याला राहणाऱ्या आईला फोनवर सांगितलं, गुडघ्यात पाणी झालंय, छोटं ऑपरेशन आहे.

"पाण्यासाठी कोणी ऑपरेशन करतं का गं? नीट सांग."

मी फोन नवऱ्याकडे दिला. 'गाठ' हा शब्द मी त्याच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तोवर आम्ही दोघंही नुसतं 'ते' म्हणत होतो.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचा भाग बधिर केलेला, त्यामुळे मी जागी होते. बारीक छिद्रांतून कॅमेरा आणि चिमटा आत गेला. पडद्यावर पांढऱ्या कूर्चेला लागून बोराएवढा तपकिरी गोळा दिसला.

"हीच का?"

"हीच. बघवत नसेल तर मान वळवा."

मी बघत राहिले. चिमट्यात धरलेली गाठ बाहेर आली आणि नर्सने ती बाटलीत टाकून तपासणीला पाठवली.

रिपोर्ट येईपर्यंत आई आमच्याकडे येऊन राहिली. रोज माझ्याकडून पायाचे व्यायाम करून घ्यायची. सर्जनचा फोन आला तेव्हा नवऱ्याने स्पीकर लावला. "साधीच आहे." नवरा होता तिथेच जमिनीवर बसला. आई गॅस बंद करायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अशी गाठ पुन्हा होऊ शकते, म्हणून अधूनमधून एमआरआय करावा लागतो. तारीख जवळ आली की मी पलंगावर दोन्ही पाय शेजारी शेजारी पसरते आणि उजवा गुडघा जाड दिसतोय का, ते निरखत बसते.