ठमाबाईची पिठोरी

ठमाबाई भांडखोर होती, हे अख्ख्या गावाला मान्य होतं. ती तशी का झाली, हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती. तीन लेकरं रांगायच्या आत गेली, मग नवरा तापानं गेला. त्याच सुमारास लढाईच्या छावणीसाठी सरकारनं वालधुनी नदीकाठचं तिचं भातशेत घेतलं. त्या दिवशी तिनं देव्हाऱ्यातले देव फडक्यात गुंडाळून कणगीत कोंबले.

लढाई संपली, गोरे सोल्जर गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधमधून निर्वासित येऊन पडले. ठमाबाईचं डोकंच फिरलं. रोज सकाळी ती आपल्या जुन्या बांधावर उभी राही आणि बराकीकडे तोंड करून शिव्यांची लाखोली वाही. सिंधी बायकाही काही मुक्या नव्हत्या, त्या आपल्या भाषेत दुपटीनं परत करत.

आपल्या शेतातल्या बराकीत अनाथ पोरं ठेवलीत, हे तिला ठाऊक नव्हतं. एका सकाळी आतून तान्ह्याचा टाहो ऐकू आला आणि ती तरातरा आत घुसली. अंबरनाथच्या मास्तरांची बायको कुंदाताई तिथं सेवेला यायची. बाई मनाची चांगली, पण पोराला बालदीत भाजीसारखं बुचकळत होती.

“अगो, मारशील त्याला! दे हिकडं!”

ठमाबाईनं पोर हिसकावलं आणि पाय लांब सोडून जमिनीवर बसली. टाळूवर तेल थापटलं, पायांवर पालथं घालून पाठ रगडली नि कोमट पाणी ओतलं. पोर रडायचं थांबलं आणि तिच्या पायांवरच मुतलं. ठमाबाई खो खो हसली. मग आपलाच आवाज ऐकून दचकली.

ती रोज जाऊ लागली. कुठं चाललीस, असं कुणी विचारलं की खेकसायची, “माजं शेत बघायला!” शेतात अकरा पोरं होती. चार वर्षांची हेमी तेवढी हाती लागत नसे, जवळ गेलं की कडकडून चावायची. “माज्यासारखीच खाष्ट हाय मेली,” ठमाबाई कौतुकानं म्हणायची. घरी आल्यावर तिला आता भूक लागायची, झोप लागायची. मेला आनंद असाच न विचारता घरात शिरतो.

गावाला ते कुठलं बघवायला! दीर बुधाजी पंचांना घेऊन दारात आला.

“वैनी, आपली जमीन गिळून बसलेत ते, नि तू त्यांची पोरं धुतेस? अवसेपर्यंत छावनी सोड. नायतर गाव तुला वाळीत टाकील. पानी बंद, बोलनं बंद.”

तो गेल्यावर ठमाबाईनं दार लावून घेतलं. गाव तुटलं तर मेल्यावर खांदा द्यायलाही कुणी येणार नव्हतं.

ती अवस पिठोरीची होती. गावातल्या आया बुधाजीच्या घरी पूजेला जमायच्या. ठमाबाईनं इतक्या वर्षांनी देव बाहेर काढून पुसले, खीर रांधली आणि तिथं गेली. जाऊ विठानं तिला उंबऱ्यातच अडवलं.

“पिठोरी लेकुरवाळ्यांची. तुझ्यामागं कोन हाय गं?”

ठमाबाई खीर घेऊन थेट बराकीत गेली. पोरांकडे पाठ करून उभी राहिली, भांडं खांद्यावरून मागं धरलं आणि पिठोरीला आया विचारतात तसं विचारलं, “अतीत कोण?” पाहुणा कोण आलाय, याला उत्तर म्हणून मागून लेकरानं आपलं नाव सांगून भांडं घ्यायचं असतं. सिंधी पोरांना काय कळणार! पोरं नुसती बघत राहिली. कुंदाताई त्यांना सांगायला पुढं झाली.

“तू गप!” ठमाबाई ओरडली. पढवलेलं उत्तर तिला नको होतं. हात भरून आला. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत होईना.

तेवढ्यात भांड्याला हिसका बसला. हेमीनं ते दोन्ही हातांनी ओढलं होतं. नाव-बिव काही नाही, बयेनं सरळ तोंड घातलं. मग बाकीची पोरं आली आणि ठमाबाईच्या लुगड्याला लोंबकळली.

ती मटकन खाली बसली. “पिठोरीमाय, लई उशीर केलास गं!” ती वर बघून भांडली, आणि रडत रडत तिनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गावानं तिला विहीर बंद केली. ठमाबाई घागर घेऊन छावणीच्या नळावर गेली. रांगेतली एक सिंधी बाई अंगावर धावून आली, “तुम बाहरवाली! इधर तुम्हारा कौन है?”

“चल सरक!” ठमाबाई गरजली. “अकरा पोरांची आई हाय मी!”