शेवटच्या वर्षाचा करार

आमच्या जेवणाच्या टेबलावर बास्केटबॉलमधल्या पगारमर्यादेचे नियम ज्याला सगळ्यांत नीट कळायचे तो नागपूरचा होता, आणि त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आता ते लिहून झालंय, तर पुढचं क्रमाने सांगतो.

२००८ सालचा हिवाळा. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमची कंपनी मोटारींच्या सीटखालचे सांगाडे आणि रेल बनवायची. मी तिथे एका लहानशा डिझाइन गटाचा लीड होतो, वय सत्तावन्न. मोठ्या मोटार कंपन्यांनी ऑर्डरी कमी केल्या होत्या आणि आमच्या मजल्यावर माणसं कमी व्हायला लागली होती. ज्यांना काढायचं त्यांना मंगळवारी काढत. सकाळी एचआरची बाई हातात फोल्डर घेऊन लिफ्टमधून बाहेर यायची. लिफ्टशेजारी घडी घातलेल्या खोक्यांचा गठ्ठा भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. ती कुठल्या बाजूला वळते हे कुणी मान वर करून बघत नसे. कार्पेटवर तिच्या बुटांचा आवाज होत नव्हता, म्हणून सगळे जण तिच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे कान लावून बसायचे. आवाज पुढे गेला की पलीकडच्या क्यूबिकलमध्ये कुणीतरी श्वास सोडल्याचं ऐकू यायचं. मी रविवारी दुपारपासूनच मंगळवारचा विचार करू लागायचो.

जेवायला आम्ही तिघे एकत्र बसायचो. मी, चाळिशीतला एक पुणेकर, आणि हा नागपूरकर. दोघांची टोपणनावं हीच होती. त्यात नागपूरकराला आम्ही वकीलही म्हणायचो, कारण लीगचे नियम त्याने इंटरनेटवरून छापून घेऊन अक्षरशः पाठ केले होते. ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपायला आली की रेडिओवर रोज नव्या अफवा यायच्या आणि त्या आमच्या डब्यांबरोबर उघडल्या जायच्या. आमच्या संघाने आपला वय झालेला गार्ड देऊन पश्चिमेकडचा एक तरुण फॉरवर्ड घ्यावा, अशी त्या आठवड्यातली अफवा होती.

"डील झालंय," पुणेकर म्हणाला. "येताना ऐकलं मी, ड्राइव्ह करताना."

"होऊच शकत नाही." नागपूरकर डब्याचं झाकण काढत होता. "पगार जुळत नाहीत. दोन्ही टीम सॅलरी कॅपच्या वर आहेत. जेवढा पगार घेणार, जवळपास तेवढा द्यावा लागतो."

"मग जोडीला तो लंबू द्या. बेंचवर टॉवेल घेऊन बसतो तो. त्याला कोण विचारतो, यार?"

"त्यालाच तर सगळे विचारून राहिले."

"त्याला? तो फ्री थ्रो टाकायला आला की लोक डोळे मिटतात."

"खेळवायचाय कोणाला? त्याच्या कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष आहे. एक्स्पायरिंग. उन्हाळ्यात तो गेला की त्याचा पगार कॅपमधून निघतो, तेवढी जागा मोकळी. त्या जागेत नवीन माणूस घेता येतो."

"म्हणजे तो चांगला खेळत नाही तरी चांगला?" मी विचारलं.

"तो जाणार म्हणून चांगला, काका. माणूस नको असतो कोणाला. त्याची जागा पाहिजे असते."

पुणेकराने काटा रोखला. "मग वकील, आपल्या ग्रुपमध्ये एक्स्पायरिंग कोण?"

"मीच ना. व्हिसाचं पाचवं वर्ष चालू आहे. पुढच्या वर्षी कॅप मोकळी तुमची."

आम्ही तिघेही हसलो. पुढचे काही दिवस पुणेकर त्याला कॉफीच्या मशीनपाशी "काय एक्स्पायरिंग?" अशीच हाक मारायचा, आणि तोही "आहे अजून" म्हणायचा.

त्या हसण्यामागचं खरं असं होतं. त्याच्या व्हिसावर सहा वर्षं राहता येत असे. त्याहून पुढे राहायचं तर पाचवं वर्ष संपायच्या आत कंपनीने ग्रीन कार्डाची कागदपत्रं सुरू करायला हवीत. ती सुरू व्हायला लीडने एक फॉर्म भरायचा असतो: या जागेचं काम काय, त्याला कोणतं शिक्षण लागतं, किती अनुभव लागतो. दोन पानं. तो फॉर्म एचआरने माझ्याकडे पाठवला होता आणि तीन आठवडे तो माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. त्याच्याशी माझं वैर नव्हतं. उलट तो गटात सगळ्यांत हुशार होता. पण माणसं कमी होत असताना 'हा माणूस कायमचा हवा' असा कागद माझ्या सहीने वर जाणार, वरच्यांचं लक्ष माझ्याकडे वळणार, याची मला धास्ती वाटत होती. त्याने दोनदा आठवण केली. मी दोन्ही वेळा म्हणालो, या आठवड्यात करतो.

एका सोमवारी दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते गोरे, माझ्याहून लहान, आणि बास्केटबॉलचे आमच्याइतकेच वेडे. पडदे खाली ओढलेले होते. त्यांनी दार लावून घेतलं तेव्हा माझ्या हाताची बोटं गार पडली. मला वाटलं, माझा मंगळवार सोमवारीच आला. आधी त्यांनी पाच मिनिटं त्या ट्रेडबद्दलच गप्पा मारल्या. मी मान डोलवत होतो आणि त्यांच्या टेबलावरच्या कागदाकडे बघत होतो. यादी माझ्या बाजूने उलटी होती, तरी पहिलं नाव माझं आहे हे मला वाचता आलं. पगाराच्या क्रमाने लावलेली असावी. माझा पगार गटात सर्वांत जास्त होता.

"तुझ्या गटातला एक कमी करायचाय," ते म्हणाले. "तू टीमचा जनरल मॅनेजर असतास तर काय केलं असतंस?"

मी म्हणालो, "आमच्याकडे एक एक्स्पायरिंग आहे."

ते हसले. मग हसू थांबवून त्यांनी विचारलं की म्हणजे काय, आणि मी त्यांना व्हिसाचं सहा वर्षांचं गणित समजावून सांगितलं. अगदी नीट, जसं नागपूरकराने मला कॅपचं गणित समजावलं होतं. तो पुढच्या वर्षी तसाही जाणारच आहे, असं मी म्हणालो.

"कंपनी त्याचे पेपर करत नाहीये का?"

"अजून काहीच फाइल झालेलं नाही," मी म्हणालो.

बरीच वर्षं मी मनाशी म्हणत आलो की ती जीभ घसरली, खेळाच्या बोलण्याच्या ओघात एक शब्द निघून गेला. तसं नव्हतं. तो शब्द मी निवडला होता. त्या एका शब्दामुळे माझं बोलणं विनोद वाटेल आणि कामही होईल, हे मला त्या क्षणी कळत होतं. फाइल झालेलं नाही हेही खरंच होतं. ते का झालं नाही, एवढंच मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यांचा आवाज आमच्या रांगेत शिरला. माझ्या पाठीमागून जाताना तो थांबला, आणि मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की मनगट दुखलं. मग तो पुढे गेला. पार्टिशनवरून नागपूरकराचं डोकं वर आलं.

"काका, काही मीटिंग आहे का?"

"माहीत नाही रे," मी म्हणालो.

वीस मिनिटांत तो परत आला तेव्हा बरोबर सिक्युरिटीचा माणूस होता. तो खोकं भरत असताना आसपासचे सगळे स्क्रीनकडे बघत होते. मीही. टेबलावरची बुद्धाची छोटी मूर्ती त्याने रुमालात गुंडाळली. मग माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात बोलला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काका, ते सांगून राहिले की जॉब आज संपला म्हणजे स्टेटस, इथे राहायची परवानगी, पण आजच संपलं. माझा फॉर्म एचआरकडे गेला होता ना? थोडी मुदत मागायला व्हिसाचा नवीन वकील पाहावा लागेल, त्याला सांगायचं आहे."

"गेला होता," मी म्हणालो. "केव्हाच."

तो गेल्यावर मी तो फॉर्म कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि संध्याकाळी घरी जाताना गॅस स्टेशनवर फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. पंपावरचा माणूस बघतोय असं वाटून मी नको असताना गाडीत पेट्रोल भरलं. त्या दिवसापासून माझी भीती बदलली. आधी नोकरी जाईल याची होती, आता कळेल याची. एचआरचा फोन वाजला की मला वाटायचं, त्याने विचारलं असणार आणि त्यांनी शोधलं असणार.

दोन आठवड्यांनी पुणेकर ताट घेऊन समोर बसला आणि वाकून म्हणाला, "ऐकलं का? आपला वकील दुसऱ्या कंपनीशी बोलत होता म्हणे. यांना कळलं, म्हणून यांनीच त्याला आधी काढलं."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत. तुम्ही लीड होतात, तुम्हाला माहीत असेल की."

मी पोळीचा तुकडा मोडला. म्हणालो, "माझ्याही कानावर आलं होतं."

माझ्या कानावर काहीही आलं नव्हतं. ती अफवा कुणी सुरू केली ते मला माहीत नाही, पण लीडच्या तोंडून आल्यावर तिची बातमी झाली. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना तो फारसा येत नसे. का येत नाही, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे त्याची बाजू घेणारंही कुणी नव्हतं. त्या काळात त्याने दोन ठिकाणी अर्ज केले. त्यातल्या एका ठिकाणी एक ओळखीचा मराठी माणूस होता. त्याने पुणेकराला विचारलं, आणि पुणेकराने जे ऐकलं होतं ते सांगितलं. तिथून पुढे फोन आला नाही. दुसऱ्या कंपनीने तर माणसं घेणंच थांबवलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर त्याची गाडी आमच्या ड्राइव्हवेत वळत होती. शेजारी त्याची बायको बसलेली. मी माझ्या बायकोला म्हणालो, मी घरी नाही असं सांग. तिने काही विचारायच्या आत मी बेसमेंटमध्ये उतरलो आणि फर्नेसशेजारी उभा राहिलो. हीटिंगच्या डक्टमधून वरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"बुधवारचं इंडियाचं तिकीट आहे, काकू. काकांना भेटायला आलो."

"ते बाहेर गेलेत."

"गाडी तर इथेच आहे."

"मित्राबरोबर गेलेत." माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही. तिचा आवाज भलतीकडेच गेला.

मी तोंडावर हात धरला होता. त्याला बेसमेंट बघायला आवडेल, तो खाली येईल, असलं काहीतरी वेडंवाकडं माझ्या मनात येत होतं.

"बरं, त्यांना सांगा," तो म्हणाला, "ट्रेड झाला नाही शेवटी. म्हटलं होतं मी, पगार जुळत नाहीत."

गाडी गेल्यावरही मी अर्धा तास वर आलो नाही. बायकोने मला त्या दिवशी काही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मी निवृत्त होईपर्यंत त्याच कंपनीत राहिलो. नागपूरकर दुसरीकडे बोलत होता, ही बातमी आमच्याकडे आजही तशीच चालते. म्हणून हे लिहिलं. तो कुणाशीही बोलत नव्हता. त्याच्या कामात कसलीही चूक नव्हती.

इथवर लिहून झाल्यावर कुणालाही दाखवायच्या आधी मी ते त्याला ईमेलने पाठवलं. पत्ता बायकोकडे होता. तिचं आणि त्याच्या बायकोचं अधूनमधून बोलणं असतं, हे मला तेव्हा कळलं. आठ दिवस उत्तर आलं नाही. त्या आठ दिवसांत मी संगणक उघडायच्या आधी दोनदा बाथरूमला जाऊन यायचो. नवव्या दिवशी आलं. ते थोडक्यात होतं, म्हणून जवळजवळ सगळंच उतरवतो.

"काका, वाचलं. फॉर्मबद्दल नवीन वकिलाने तेव्हा एचआरला विचारलं होतं. ते म्हणाले, असा फॉर्म आमच्याकडे आलाच नाही. मला वाटलं, एचआर खोटं बोलून राहिले. मी त्यांच्याशी फोनवर भांडलो. तुम्ही लिहिलेलं छापायचं तर छापा. एक दुरुस्ती करा. तुम्ही लिहिता, माझी नोकरी गेली. मला वर्षभरात इकडे नोकरी मिळाली. माझी बायको तिथे मास्टर्स करत होती. तिचा व्हिसा माझ्या व्हिसावर होता. तिचं एक सेमिस्टर राहिलं होतं. ते राहिलंच. एवढं लिहा."

मला हे माहीत नव्हतं. ती आमच्या घरी चार-पाच वेळा जेवायला आली होती. काय करतेस म्हणून मी तिला कधी विचारलं नव्हतं. वर मी तिला 'शेजारी बसलेली' असं लिहिलंय. ते मी बदललेलं नाही, कारण माझ्या आठवणीत ती तेवढीच होती. तिचं एक सेमिस्टर राहिलं. ते माझ्यामुळे राहिलं.

माफीबद्दल त्या पत्रात काही नाही आणि मी विचारणार नाही. पुणेकर अजून नोव्हायलाच राहतो, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. ही पानं मी छापून घेतली आहेत. उद्या सकाळी त्याच्याकडे जाऊन ती त्याला स्वतः वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून, आणि मग ज्यांना ज्यांना त्याने ती अफवा सांगितली होती त्यांची नावं विचारणार आहे. माझे हात आत्तापासून गार पडलेत.