आडवा मोर

धुळ्याहून रफिकच्या बायकोचा, रुबिनाभाभींचा फोन आला. "भाऊ, ते गेले..." हृदयाचा झटका, घरातच. मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या माझ्या खोलीत ड्रोनचं एक चित्र जुळवत बसलो होतो. पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वाटलं, आता टाळ्या माझ्या.

रफिकच्या घरात शोभेच्या दारूचं काम पिढीजात. मी इंजिनिअर. शंभरेक ड्रोन आकाशात कुठे, किती वेळ थांबले की चित्र उभं राहील, ते मी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आखायचो. ती फाइल धुळ्याला जायची आणि रफिक ती आपल्या फटाक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन चित्राभोवती आतषबाजी बसवायचा. दहावी नापास माणूस! पण बाण वर जायला लागणारा वेळ तो जिभेने टकटक करत मोजायचा, संगणकातला आकडा नंतर बघायचा, आणि दोन्ही जुळायचे. चोपड्याला केळीवाल्यांच्या मेळाव्यात माझ्या ड्रोननी केळीचा घड काढला, तेव्हा लोक नुसते बघत राहिले. मग त्याने खालून सोनेरी फवारे सोडले आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. "चित्र तुमचं, टाळ्या त्यांच्या," घरी येताना बायको म्हणाली. थट्टाच होती ती, पण मला झोंबली आणि झोंबतच राहिली.

त्याची एक खोड होती. फाइलमध्ये काही दुरुस्त केलं, की दुरुस्तीचं कारणच तो फाइलचं नाव म्हणून लिहायचा. 'पहूरला वारा होता'. 'बाण ओले होते'. मी हसायचो, "रफिक, फाइलला नंबर द्यावा, बखर लिहू नये." तो म्हणायचा, "नंबर मी विसरतो, भाऊ. कारण नाही विसरत."

गेल्या वर्षी जळगावात मोराचा कार्यक्रम होता. आमच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये उंचीचा रकाना वेगवेगळ्या जागी येतो, म्हणून पाठवण्याआधी मी न चुकता रकान्यांची अदलाबदल करायचो. त्या वेळी केली नाही. मुद्दाम. त्याच्या पडद्यावर माझा मोर जमिनीवर आडवा पडलेला दिसेल, तो गोंधळेल आणि चारचौघांत मला फोन करेल, एवढंच मला हवं होतं. सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो. तो वाजला नाही. दुपारी मात्र माझंच धाबं दणाणलं... आडव्या मोरावर बेतलेले बाण माझ्या ड्रोनवरच जातील की! मैदानावर धावत गेलो. "फाइल नीट आली ना?" तो वायर जोडत होता, वर न बघताच म्हणाला, "बठ्ठं बरोबर शे, भाऊ. चहा घ्या." संध्याकाळी मोराने पिसारा फुलवला आणि प्रत्येक डोळ्यामागे निळी ठिणगी फुटली. टाळ्या पुन्हा त्याच्याच. त्याला काय कळलं होतं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

चाळिसाव्यानंतर भाभींनी त्याचा लॅपटॉप माझ्या हातात दिला. "यातलं तुम्हालाच समजेल." मोराच्या दोन फाइली होत्या. एक माझी, जशीच्या तशी, आडवी. दुसरी त्याने उभी केलेली. तिचं नाव, 'भाऊ थकले होते'.

माझ्याबद्दल वाईट त्याच्या मनात आलंच नाही, की आलं आणि त्याने ते झाकलं?... काहीही असो, मला त्याचाही हेवाच वाटतो. लॅपटॉप आता माझ्या टेबलावर असतो. त्या फाइलचं खरं नाव मला ठाऊक आहे. ते लिहायला मी बसतो, 'थकले होते' खोडतो, आणि पुन्हा तेच लिहून ठेवतो.